न वाजणारं वाण

"प्लास्टिकचे डबे. एवढं विमानात बसून यायचं, गुडघे मोडून घ्यायचे, आणि संक्रांतीचं वाण म्हणून लुटायचं काय, तर प्लास्टिकचे डबे."

अलकनंदाबाई हे कुणाला म्हणत नव्हत्या. जिन्याखालच्या कपाटात त्या कमरेपर्यंत शिरल्या होत्या आणि समोर होता तो व्हॅक्यूम क्लीनर. पण त्यांच्या पाठीला पाठ लावून त्यांची सून अश्लेषा धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या जुळवत बसली होती, आणि त्या पुटपुटण्याचा आवाज बरोबर तिच्या कानापर्यंत पोचेल एवढाच होता. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही.

"आई, झाकणं घट्ट बसतात त्यांची. फ्रीझरमध्येसुद्धा चालतात."

"चालू देत की. मी कुठं काय म्हणतीय."

"आजी, व्हॉट आर यू डुइंग इन द प्रेस?" दहा वर्षांच्या ईशानीने जिन्यावरून विचारलं. गॉलवेत वाढलेली मुलगी. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजी हेलात यायचं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे कळायला आजीला महिना लागला होता, आणि कळल्यावर त्यांनी तो शब्द असा काही उचलला की मिरजेच्या फोनवरसुद्धा त्या "चहाची पावडर प्रेसमध्ये बघ" म्हणू लागल्या होत्या.

मिरजेचा फोन रोज असायचा. इथे दुपारचे चार वाजले की तिकडे रात्रीची जेवणं उरकलेली असत. अलकनंदाबाई धाकट्या भावाला फोन लावत आणि 'कसा आहेस'च्या आधी विचारत, "बाळू, गोळी घेतलीस का?" तो हो म्हणाला की मग पाऊस, लाइट, शेजाऱ्यांची भांडणं. बाळूमामाला शुगर होती. सगळं घर तसंच म्हणायचं. ईशानीच्या बारशाला त्यांनी लागोपाठ तीन बेसनाचे लाडू खाल्ले तेव्हा डॉक्टर सून घाबरून पुढे झाली होती, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "खाऊ दे. त्याची शुगर वेगळी आहे." अश्लेषाने मनात म्हटलं होतं, माणसं आपल्या आजाराचेसुद्धा लाड करतात.

अश्लेषा गॉलवेच्या युनिव्हर्सिटीत एचआयव्हीवर संशोधन करायची. हे वाक्य इतकं सरळ घरात कुणी उच्चारत नसे. आयर्लंडला आल्यावर पहिल्याच वर्षी एका जेवणात तिने ते उच्चारून पाहिलं होतं. यजमानीण बाईंनी मान डोलावली, "छान, छान" म्हटलं आणि अश्लेषाने नुकताच भातात घातलेला डाव हळूच उचलून सिंकमध्ये ठेवून दुसरा आणला. गाडीत बसल्यावर अश्लेषा हसली. अभिजितला, तिच्या नवऱ्याला, हसू आलं नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तेव्हा तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ती आफ्रिकेत पाण्यावर काम करते." तो सॉफ्टवेअरवाला, अडलं की वळसा काढणं हा त्याचा धंदाच. पाणी सगळ्यांना चाललं. पाण्याला कुणाचीच हरकत नसते. बघता बघता अश्लेषासुद्धा म्हणू लागली, "हो, पाण्याचंच."

आणि ही बाई वर्षातून दोनदा लेसोथोला जायची. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, डोंगरातला देश. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतं, हे अलकनंदाबाईंना ती थापच वाटायची. तिथल्या गावांत जाऊन अश्लेषा लोकांना एकच प्रश्न विचारायची: गोळ्या फुकट मिळतात, रोज घेतल्या तर माणूस म्हातारा होऊन मरतो, जोडीदाराला लागण व्हायचं भयसुद्धा जवळपास संपतं, हे गेल्याच वर्षी एका मोठ्या अभ्यासात दिसलंय, मग तुम्ही त्या मधेच का सोडता? लोक डॉक्टरांना आवडतील अशी उत्तरं द्यायचे. दवाखाना लांब आहे, विसरायला होतं. एका म्हातारीने मात्र तिला गोळ्यांची बाटली हातात दिली आणि म्हणाली, हलव. बाटली वाजली. म्हातारी म्हणाली, आता ही घेऊन तू गावच्या गाडीत बसून दाखव.

त्या बाटलीतून गोळ्यांच्या पिशव्यांची कल्पना निघाली. चार गावांतल्या बायकांनी एकेक नमुना शिवला. तिकडच्या निळ्या छापील कापडाची, हातभर दोरीची, तळव्यावर मावेल एवढी पिशवी. आत मऊ फ्लॅनेलचे सात खण, दिवसाला एक. कितीही हलवा, आवाज नाही. मागच्या बाजूला शिवणीत एक चोरकप्पा, त्यात एक निरोधाचं पाकीट आणि त्या त्या गावाने काढलेलं एक चित्र. चारही गावं एकमेकांवर खार खाऊन होती, त्यामुळे चित्रं चार तऱ्हेची. मंगळवारी डब्लिनला या चारही पिशव्या पैसे देणाऱ्या लोकांपुढे मांडायच्या होत्या. पसंत पडल्या तर शिवणयंत्रं आणि पुढचं काम. नाही तर सगळं तिथेच थांबणार. आणि मांडायच्या तर चारही. एका गावाची पिशवी राहिली असती तर त्या गावच्या बायकांनी अश्लेषाला पुन्हा उंबऱ्यात उभं केलं नसतं. ऑफिसमध्ये वस्तू हरवतात म्हणून तिने त्या खोक्यात घालून घरी आणल्या आणि जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवल्या. प्लास्टिकच्या डब्यांच्या शेजारी.

शनिवारी हळदीकुंकू होतं आणि शनिवारीच वादळाचा इशारा. वारा असा की मराठी मंडळाच्या निम्म्या बायकांनी फोन करूनच कुंकू लावून घेतलं. त्यात लेसोथोच्या राजधानीहून, मासेरूहून आलेला कामाचा कॉल लांबला. अश्लेषा काळी साडी पिशवीत कोंबून युनिव्हर्सिटीतून घरी पोचली तेव्हा आलेल्या तिघी निघालेल्याच होत्या. संध्या, माधवी आणि माधवीकडे त्या दिवशी मुक्कामाला आलेली, दोन तासांवरच्या किलकेनीची पद्मिनी. तिघींनी दारातच तिळगूळ घेतला, तिघींच्या पर्स फुगलेल्या होत्या, तिघी म्हणाल्या, "काकूंनी काय सुंदर वाण दिलंय." अश्लेषाला वाटलं, सासूबाईंनी डबे चांगलेच सजवून दिलेले दिसतायत.

रविवारी सकाळी बूट ठेवायला तिने प्रेस उघडला. डब्यांचं खोकं होतं तसं, चिकटपट्टीसकट. शेजारचं खोकं रिकामं.

ती स्वयंपाकघरात आली. अलकनंदाबाई मटार सोलत होत्या.

"आई, त्या निळ्या पिशव्या?"

"लुटल्या की. काय गोड शिवल्यात गं. तू वाणासाठीच आणलेल्या ना तिकडनं? म्हटलं, असली वस्तू घरात असताना डबे कशाला. सात खण होते, प्रत्येकात चिमूटचिमूट हलवा घातला. नेमका बसला."

अश्लेषा खुर्चीत बसली. "आणि मागे काही बघितलंत?"

"मागं काय बघायचं होतं?"

"काही नाही." तिने डोळे मिटून घेतले. "आई, त्या औषधाच्या पिशव्या आहेत. गोळ्या ठेवायच्या. आतून फ्लॅनेल लावलंय, म्हणजे चालताना वाजत नाहीत."

मटाराची शेंग हातात अर्धी उघडी राहिली. "वाजत नाहीत?"

"नाही."

"कसल्या गोळ्या?"

'नाव घेऊन बोलू या' या विषयावर तीन देशांत भाषणं ठोकलेली अश्लेषा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिकडच्या एका आजाराच्या."

"असं," अलकनंदाबाई म्हणाल्या आणि शेंग पूर्ण उघडली.

"मला त्या आज परत आणायला हव्यात. मंगळवारी डब्लिनला दाखवायच्यात."

"लुटलेलं वाण परत मागतात होय? माहेर काय म्हणेल तुझं."

"माझ्या माहेराला नका आणू मधे. चार गावांच्या बायका काय म्हणतील ते बघा."

सासूबाईंनी विचार केला. मटार संपेपर्यंत केला. मग म्हणाल्या, "मागायचं नाही. बदलून द्यायचं. मी चुकून दुसरंच वाण दिलं, खरं हे आहे, असं मी सांगते. मी येते बरोबर. करंडा घे." आणि एक सुस्कारा सोडून, "ते डबे पण घे."

"चौथी कुठे आहे? तिघींना तीन गेल्या."

"असेल की इकडंच कुठंतरी. आधी गेलेल्या तर आण."

संध्याचं घर दहा मिनिटांवर. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. शैलेंद्र आठवडाभर शॅननला असायचा, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत नोकरीला, आणि शुक्रवारी रात्री घरी यायचा. आत्ता त्याचे केस एका बाजूने उभे होते आणि गालावर गोधडीच्या टाक्यांचा ठसा होता.

"वहिनी, बरं झालं आलात," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी काय केलंय तेवढं फक्त सांगा. काल रात्रीपासून मला वरच्या अडगळीच्या खोलीत टाकलंय. चहासुद्धा ईमेलने मागवा म्हणते."

आतून संध्या आली. डोळे लाल, हातात निळी पिशवी. तिने अश्लेषाला ओढत बाहेरच्या खोलीत नेलं. अलकनंदाबाई शैलेंद्रपाशी थांबल्या आणि त्याला त्याच्याच घरात कुंकवाचा करंडा धरायला लावला.

"तुला काय कळलंय ते स्पष्ट सांग," संध्या म्हणाली. "तुमचं शॅननला कोण ओळखीचं आहे? कुणी बघितलं त्याला?"

"संध्या, अगं—"

"मी एवढी काही भोळी नाही." तिने चोरकप्प्यातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारी चित्र. चित्रात टोपी घातलेला एक बाप्या घोड्यावर बसून डोंगरापलीकडे चालला होता, आणि दारात बायको, हातात हे एवढं घड्याळ. मूळ अर्थ असा की नवरा खाणीत कामाला गेला तरी बायकोने गोळीची वेळ चुकवू नये. "नवरा परगावी, बायको घड्याळ बघत बसलीय. आणि सोबत हे. यापेक्षा स्पष्ट काय सांगणार माणूस?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य अश्लेषाच्या जिभेवर आलं, दाराआड सासूबाईंचा आवाज ऐकून तिथेच थबकलं, आणि मागे फिरलं. "तसलं काही नाही गं. आमच्या प्रोजेक्टचं सामान आहे ते. चुकून आलं."

"पाण्याच्या प्रोजेक्टमध्ये हे कशाला लागतं?"

अश्लेषाने पाकीट आणि चित्र गोळा करून चोरकप्प्यात परत घातलं.

"तुम्ही कुठे निघालात आता?" संध्याने विचारलं.

"माधवीकडे. मग किलकेनीला."

"मी येते. मला या घरात बसवत नाही." तिने कोट घातला, पिशवी कुशीत धरली आणि नवऱ्याकडे न बघता त्याच्या हातात प्लास्टिकचा डबा दिला.

माधवी दारातच उभी होती, जणू वाटच बघत. ती भूलतज्ज्ञ, तिच्याकडे बघून पेशंटला इंजेक्शनच्या आधीच गुंगी येते असं तिचा नवरा म्हणायचा. मागे तीन मुलांचा गलबला.

"ये, ये. टोमणे घरपोच देण्याची पद्धत नवीन काढलीस वाटतं," ती अश्लेषाला म्हणाली.

"कसले टोमणे?"

"धाकट्याच्या बारशाला तू काय म्हणाली होतीस? 'माधवी, आता दुकान बंद कर.' हसले मी तेव्हा. पण विसरले नाही." तिने संध्याकडे पाहिलं, अलकनंदाबाईंकडे पाहिलं, पुढचं गिळलं आणि पिशवी अश्लेषाच्या हातात ठेवली. "हलवा छान होता, काकू."

"हा डबा घे की गं," अलकनंदाबाई म्हणाल्या. "झाकण घट्ट बसतं."

"तुम्ही सगळ्या कुठे निघालात?"

"पद्मिनीकडे," संध्या म्हणाली.

माधवीचा चेहरा बदलला. "पद्मिनीलासुद्धा दिलंत? तिला?" तिने मुलांवर नवऱ्याला सोडलं आणि गाडीत येऊन बसली. "ती पोर काल रात्री माझ्याकडे न थांबता निघून गेली. डोकं दुखतंय म्हणाली. एवढ्या वाऱ्यात तिचा नवरा, प्रसन्न, न्यायला आला तिला. आता कळलं डोकं कशाने दुखलं."

गाडी गावाबाहेर पडली. अलकनंदाबाई पुढे, मांडीवर डब्यांचं खोकं. मागे संध्या आणि माधवी, दोघी दोन खिडक्यांना चिकटून. शेतांवर पाणी साचलेलं, मेंढ्या कोरड्या उंचवट्यांवर दाटीवाटीने उभ्या. मोटरवे लागला तशी संध्या हळूच म्हणाली,

"माधवी, तुझ्या पिशवीत काय होतं?"

"हलवा."

"मागच्या कप्प्यात?"

माधवी खिडकीबाहेर बघत राहिली. एक मोठा ट्रक गेला, दुसरा गेला. "तुझ्या काय होतं?"

"तू आधी सांग."

"चित्र होतं एक," माधवी म्हणाली. "नवरा, बायको आणि ओळीने तीन मुलं. आणि आपलं... ते."

"ते?" संध्या सरळ बसली. "तुलाही ते?"

"म्हणजे तुलाही?"

"मला वाटलं शैलेंद्रवरून मलाच—"

"मला वाटलं तीन मुलांवरून मलाच—"

"काय ते?" अलकनंदाबाई पुढून म्हणाल्या. "काय होतं मागच्या कप्प्यात?"

"काही नाही हो काकू, ते आपलं असंच..." माधवी म्हणाली. भूल देताना पेशंटची समजूत घालतात तसला तिचा सूर लागला होता.

"निरोध?"

गाडी जराशी डावीकडे गेली. अश्लेषाने ती सावरली.

"नाव घ्यायला काय झालं?" अलकनंदाबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी लाल त्रिकोण गावागावांत भिंतीवर रंगवलेला होता. पोरं त्याच्यावर क्रिकेटचे स्टंप काढायची. म्हणजे वाण म्हणून मी घरोघर..." त्या थांबल्या. मग त्यांच्या खांद्यापासून पोटापर्यंत काहीतरी हलायला लागलं आणि मांडीवरचे डबे खडखडले. "अगं बाई. आणि वर म्हटलं, जपून वापरा, परदेशी कापड आहे."

पुढचे दहा मैल कुणाला काही सुचलं नाही. माधवी हसून हसून रडली, संध्या रडून रडून हसली. अश्लेषाला गाडी एका पेट्रोल पंपावर घ्यावी लागली. तिथूनच संध्याने नवऱ्याला फोन केला. "गादी खाली आणा. नाही, काही झालं नाही. नाही, सॉरी नाही म्हणणार मी. गादी आणा." तिकडून त्याने काहीतरी विचारलं. "चहा करून घ्या," संध्या म्हणाली, आणि हे तिच्या मानाने पायघड्या घालण्यासारखंच होतं.

पण गाडी पुन्हा सुरू झाली, आणि हसू ओसरल्यावर प्रश्न तिथेच बसलेला होता.

"पण अश्लेषा," संध्या म्हणाली, "पाण्याच्या प्रोजेक्टमध्ये हे लागतं कशाला?"

"पाण्याचं नाही गं ते. अगदी पाण्याचंच असं नाही."

"मग?"

"तिकडे एक आजार आहे. त्याच्या गोळ्यांचं."

"रेट्रो," माधवी म्हणाली.

"म्हणजे काय?"

"आम्ही पुण्याला वॉर्डमध्ये असंच म्हणायचो. पेशंट रेट्रो आहे. फाइलवर लाल ठिपका करायचो." ती जरा थांबली. "मोठ्याने कधी म्हणायचो नाही."

"काय म्हणायचा नाही?"

"अगं, इम्युनिटीचं असतं ते," माधवी म्हणाली, आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

अश्लेषाने आरशात संध्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात अजून तो भाताचा डाव सिंकमध्ये पडलेला होता. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, रोज हिच्या हातचं जेवणाऱ्या. अलकनंदाबाई समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. हसताना सुटलेला अंबाडा त्यांनी परत बांधला नव्हता. पर्स मात्र दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

पद्मिनीचं घर किलकेनीच्या हॉस्पिटलजवळ. प्रसन्न तिथे ज्युनियर डॉक्टर, काल रात्रीच्या ड्रायव्हिंगने अजून पेंगुळलेला. चौघी बायका, करंडा आणि प्लास्टिकचा डबा बघून तो आधी दार लावूनच घेणार होता. पद्मिनी स्वयंपाकघरात होती. तिने सगळ्यांना बसवलं, किटली लावली, कप काढले, कुंकू लावून घेतलं, हे सगळं मान वर न करता. मग ड्रॉवरमधून पिशवी काढून टेबलावर ठेवली. हलवा तसाच होता. तिने खाल्ला नव्हता.

"तुम्ही सगळ्या मिळून आलात ते एका अर्थी बरं झालं," ती म्हणाली. आवाज शांत होता; तालीम केलेला असावा. "आमच्या तपासण्या चालू आहेत. तीन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त माधवीताईंना. आता मंडळात हा विषय झालाय हे कळलं. पण बाळाचं चित्र आणि सोबत... ते. इतकं नको होतं करायला."

संध्याने हातातला रिकामा कप खाली ठेवला. माधवी म्हणाली, "पद्मिनी, मी एका शब्दाने कुणाला—"

"नाही," अश्लेषा मधेच म्हणाली. ती उठून पद्मिनीशेजारी बसली. चित्र बाहेर काढलं. निळ्या झग्यातली एक बाई, पाठीला बांधलेलं गुटगुटीत बाळ, वर सूर्य. "हे तुझ्यासाठी नव्हतं गं. कुणासाठीच नव्हतं. संध्याने असल्याच एका चित्रावरून नवऱ्याला अडगळीत झोपवलं. माधवी माझ्याशी आयुष्यभर बोलणार नव्हती. आईंनी खोकं चुकीचं उघडलं, एवढंच झालं. ही बाई लेसोथोतल्या एका डोंगरावर राहते. तिने स्वतःच काढलंय हे. तिला आजार आहे आणि तिच्या बाळाला नाही, कारण पोटुशी असताना तिने रोज गोळी घेतली. हे सगळ्या गावाला दिसावं म्हणून तिने बाळ एवढं मोठं काढलंय. बघ, आईपेक्षा मोठं आहे."

पद्मिनीने बघितलं. बाळ खरंच आईपेक्षा मोठं होतं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "संध्याताईंनी खरंच झोपवलं?"

"गादी आता खाली आली असेल," संध्या म्हणाली.

"आणि आजार कुठला?" पद्मिनीने विचारलं.

किटली उकळून बंद झाली. माधवीला एकदम साखर हवीशी झाली. संध्याने माधवीकडे बघितलं, कारण तिलाही तेच हवं होतं.

"तिकडचा आहे एक," अश्लेषा म्हणाली.

"व्हायरल असतं काहीतरी," प्रसन्न बशीत बिस्किटं रचत म्हणाला. तो सगळं समजलेला होता. म्हणूनच बिस्किटं इतकी नीट रचत होता.

अश्लेषाने तीन पिशव्या टेबलावर ओळीने मांडल्या. चौथीची जागा रिकामी दिसत होती. "आई, चौथी राहिली. ती घरात कुठे आहे तेवढं सांगा. ते गाव सगळ्यात वरचं, आमचा रस्ता तिथेच संपतो. त्यांची नसेल तर मला डब्लिनला जाताच येणार नाही."

"तीन दाखव की."

"तीन नाही चालत."

अलकनंदाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत होते. "पद्मिनी, तुझा फोन घेऊ का गं? मिरजेला लावायचाय." प्रसन्नने नंबर लावून दिला. सगळे उगाच गप्प बसले, परक्याच्या फोनच्या वेळी बसतात तसे, आणि त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"बाळू, गोळी घेतलीस का? ... लग्नाला गेलास होय. मग? ... खिशात वाजली? ... कोण म्हणालं? ... तू काय सांगितलंस? ... पेपरमिंट." त्या थोडा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. "मग घेतलीसच नाहीस. आता घे. मी फोनवर थांबते. पाणी आण. ... हां. ... गिळलीस? तोंड उघडून दाखव म्हटलं असतं, पण दिसत नाही. झोप आता."

फोन त्यांनी प्रसन्नला परत दिला. मग पर्स उघडली आणि चौथी निळी पिशवी काढून टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. त्यांनी ती उचलली, कानाशी नेली, हलवली. आत हलवा होता. आवाज आला नाही.

"मी एक शिवली होती त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या. "कापूस भरून. कापूस चिकटायचा गोळ्यांना. फ्लॅनेलचं मला सुचलं नाही. ही मी देणार नाही, अश्लेषा. काल वाण म्हणून ठेवली होती, पण तू सकाळी वाजत नाही म्हणालीस, तेव्हापासून ती त्याची झाली. तुझ्या त्या गावच्या बायकांना सांग, एका माणसाला लागत होती म्हणून दिली. त्या रागवायच्या नाहीत. मला वाटतं, त्या नाही रागवायच्या."

प्रसन्नने डॉक्टरांच्या सवयीने विचारलं, "काकू, मामांना काय आहे?"

"शुगर," अश्लेषा म्हणाली. इतकी वर्षं घरात जे म्हणत आले तेच तिच्या तोंडून गेलं. शब्द बाहेर पडला आणि तीन लाडू, रोजचा चारचा फोन, कानाशी धरलेली पिशवी हे सगळं तिच्यासमोर एकदम येऊन उभं राहिलं. तिने सासूबाईंकडे पाहिलं.

अलकनंदाबाई पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. गुंडाळून झाली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"शुगर नाही," त्या म्हणाल्या. "बाळूला एचआयव्ही आहे."